शाल राहू दे, दहा बॉल द्या की

गेल्या रविवारी आमच्या फुटबॉलच्या ग्राउंडवर जे बघितलं ते लगेच लिहायचं होतं, पण आठवडाभर सेकंड शिफ्ट, उद्यमबागेतनं घरी पोचेपर्यंत रात्रीचे बारा, मग जेवून आडवं व्हायचं एवढंच हातात राहतं. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस लागून राहिलाय, म्हणून बसलोय लिहायला. जरा लांबेल. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जे कोण क्लब चालवतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या क्लबला एक मामा आहेत. नात्यानं माझे कोणी नाहीत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते. वय ६२. ऐंशीच्या दशकात ते गोव्यात एका कंपनीच्या टीमकडनं चार सीझन खेळले, तेव्हा लोंढ्यावरनं मीटरगेजची गाडी धरून वास्कोला जायचं असायचं. मग नोकरी लागली आणि परत आले, आमच्या क्लबचे सेंटर फॉरवर्ड झाले, म्हणजे सगळ्यात पुढं राहून गोल मारणारा, नऊ नंबरची जर्सी. पुढं बदली होऊन हुबळी, तिथनं आणखी लांब, आणि असं करत करत पंचवीसेक वर्षं बेळगावच्या बाहेर गेली. दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन आपल्या घरी राहायला आले.

आल्या आल्या आम्ही काय केलं, तर टूर्नामेंटच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं. शाल, नारळ, फेटा, एक किक मारायला लावली, फोटो काढला, आणि मग दिवसभर खुर्चीवर बसवून ठेवलं. मी कमिटीत होतो, तो नारळ मीच आणलेला. संध्याकाळी जाताना मामा मला म्हणाले, "शाल वगैरे राहू दे रे, मला जरा पोरांकडं सोड की. फॉरवर्ड पोरं देत जा अर्धा तास, आणि बॉल दे दहा." मी हो हो म्हटलं आणि विसरलो. दुसऱ्या वर्षी परत शाल, परत नारळ. तेव्हाही ते तेच म्हणाले, तेच शब्द, दहा बॉल. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही, खरंच. माणूस स्वतःहून दोनदा मागतोय, पैसे मागत नाही, पद मागत नाही, आणि आम्ही त्याच्या खांद्यावर कापड टाकून मोकळे होतोय.

दहा बॉल जमवायला महिना लागला. क्लबकडं चांगले तीनच होते. दोन मी घेतले, दोन गल्लीतल्या एका हार्डवेअरवाल्या काकांनी दिले, बाकीचे जुने शिवून आणले. एकाच बॉलवर आठ पोरं रांगेत उभी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटांत दोन शॉट येतात, आणि बॉल गोलमागच्या गटारीत गेला की तेवढा वेळ सगळेच उभे. फॉरवर्डला एकच गोष्ट शंभर वेळा करायला मिळाली पाहिजे, म्हणून दहा बॉल. हे मला तेव्हा कळलं, आधी वाटलेलं म्हातारा माणूस हौसेनं आकडा सांगतोय.

पहिल्या दिवशी मामांनी पोरांना एकही शॉट मारू दिला नाही. सहा पोरं आणि एक पोरगी, सगळी चौदा ते सतरा वर्षांची, शूटिंग शिकवणार म्हणून स्टड, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून आलेली. मामा चप्पल काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकेकाच्या मागं उभे राहिले, समोरच्या टीमचा बॅक, म्हणजे फॉरवर्डला अडवणारा, उभा असतो तसे. मी समोरनं बॉल पास करायचा. बॉल माझ्या पायातनं सुटला की पोरानं मान वळवून मागं बघायचं, मामांनी किती बोटं वर केलीत ते मोठ्यानं सांगायचं, आणि मगच बॉल ट्रॅप करायचा, म्हणजे पायानं थांबवायचा. एवढंच. पहिल्या पंधरा मिनिटांत कुणालाच जमलं नाही. मागं बघितलं की बॉल पायाखालनं निघून जायचा, बॉल नीट घेतला की बोटं चुकायची. मामांचं उजव्या हाताचं मधलं बोट गोलपोस्टला आपटून कधीकाळी मोडलेलं, ते सरळ होत नाही, त्यामुळं दोन की तीन यावर पोरं भांडायची. मामांचं आपलं चालूच, "बॉलकडं काय बघूलालास? बॉल काय पळून जाणाराय व्हय? तुझ्याकडंच यायलंय ते. मागं बघ, मागं कोण हाय बघ की."

तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते सांगतो. आमचा बारक्या, टीममधला सगळ्यात लहान, बॉल यायच्या आधी त्यानं दोनदा मान वळवली. एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं. आणि बोटं न सांगताच बॉल पायाच्या बाहेरच्या बाजूनं ढकलून मामांच्या डावीकडनं निघून गेला. कारण मामा उजवीकडं झुकलेत हे त्याला दिसलं होतं. मामा तिथंच उभे राहिले, कमरेवर हात ठेवून हसत होते, आणि मला म्हणाले, "बघितलास? आता याला कोण काय शिकवायला नको."

मी स्वतः स्टॉपर बॅक, म्हणजे मधला बॅक, खेळलो, दहा-बारा वर्षं. त्यामुळं मला हे दुसऱ्या बाजूनं ठाऊक आहे. बॅकला जोरात पळणाऱ्या फॉरवर्डची तेवढी भीती नसते. भीती असते ती अशा माणसाची जो बॉल आणि तो एकाच नजरेत येऊ देत नाही. बॉल डाव्या विंगला, म्हणजे ग्राउंडच्या डाव्या कडेला, असताना तो तुमच्या उजव्या खांद्यामागं जाऊन उभा राहतो, मग तुम्ही बॉलकडं बघायचं का त्याच्याकडं? एका क्षणासाठी बॉलकडं बघितलं की तो गेला. मामा पोरांना नेमकं हेच शिकवतात. "आधी त्याच्यापासनं लांब जा. त्याला वाटू दे तू गेलास. त्यानं मान वळवली की दोन पावलं परत." बॉल मागायच्या आधी लांब जायचं हे चौदा वर्षांच्या पोराला पटत नाही, त्याला गोलच्या जवळ जवळ जायचं असतं. सगळे गोलकडं पळत असताना आपण डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाच्या, मधोमध थांबायचं, म्हणजे सगळे बॅक्स गोललाइनकडं ओढले जातात आणि मागं मोकळी जागा राहते, हे तर त्याहून अवघड. थांबणं शिकवायला फार वेळ लागतो. मामा अक्षरशः पोराची जर्सी मागनं धरून ठेवतात, "थांब. थांब. थांब की रे. हं, आता जा."

पोरगीची गोष्ट वेगळी. ती खानापूरकडची, मावशीकडं राहून शिकते, आणि तिच्या पायात एवढा जोर आहे की आमचा गोली तिच्या शॉटला आधीच वाकतो. पण दहातले सात बॉल पोस्टच्या वरनं. मामांनी तिला सांगितलं, बाळ, जोर राहू दे, गोलीचे पाय बघ. गोली उभा असतो तेव्हा त्याचे हात छातीजवळ असतात, हात वर जायला वेळ लागत नाही, खाली जायला लागतो, म्हणून त्याच्या पायाला लागून, जमिनीवरनं. आणि तो एका पायावर वजन टाकतो ना, त्या पायाच्या बाजूला मार, तो पाय त्याला उचलता येत नाही. मग मामा स्वतः गोलमध्ये उभे राहिले आणि नुसता आपल्या पायाकडं बोट दाखवून, "हे बघ आता या पायावर हाय मी. आता या. मार." तिनं पायाच्या आतल्या बाजूनं सरकवला, हळूच, आणि बॉल मामांच्या टाचेला घासून आत. बासष्टाव्या वर्षी गुडघा दुखत असताना गोलमध्ये उभा राहणारा माणूस बघितला की मला गप्प व्हायला होतं.

आता मुद्द्याचं. असलं शिकवायला मामाच कशाला, चांगला कोच कुणीही शिकवेल असं आमच्या कमिटीतले एक जण म्हणाले. बरोबर आहे, बरंचसं कुणीही शिकवेल. पण जुना खेळाडू जुन्या ग्राउंडवर परत आला की आणखी एक गोष्ट बरोबर येते, त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

मी बारा वर्षांचा असताना गोलमागं बॉल आणायला बसायचो. अशाच एका पावसाळ्यात मामांचा एक गोल मी नेटच्या मागनं बघितलाय, पाच-सहा हातांवरनं. आमच्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्यानं, पुढं लांब पास मारला, फारच लांब, सगळ्यांना वाटलं बॉल बाहेर जाणार. समोरचा बॅक पुढं पळाला आणि बॉल बाहेर जाऊ दे म्हणून अंगानं वाट अडवून उभा राहिला. मामा त्याच्या मागं पळालेच नाहीत. चालत आले म्हटलं तरी चालेल. आणि बॉल बाहेर गेलाच नाही, नाल्याकडच्या पोस्टजवळ पाण्यात पचकन थांबला, बॅकच्या मागं, आणि मामांनी तो पायानं उचलून गोलीच्या डोक्यावरनं टाकला. चिखलाचे शिंतोडे माझ्या तोंडावर आलेले मला आठवतात. तीस वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत आलोय, मामांचं नशीब काय होतं बघा म्हणून.

या जूनमध्ये मामांना ते बोललो तर ते म्हणाले, "नशीब कसलं? आपलं ग्राउंड नाल्याकडं उतरतंय, पाऊस पडला की त्या कोपऱ्यात पाणी थांबतंय, बॉलबी थांबतंय. मला शाळेत असल्यापासनं ठाऊक. तो बॅक कोल्हापूरचा होता, त्याला काय ठाऊक?"

आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. भर पावसात, सगळ्या पोरांना हाफलाइनवर उभं केलं आणि दहाही बॉल एकेक करून त्या कोपऱ्याकडं मारायला लावले. मारायचे आणि नुसतं बघायचं, कुठला बॉल कुठं थांबतो. पहिला पोस्टच्या अलीकडं दोन हातांवर. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा बाहेर गेला कारण तो हवेतनं गेला होता. मामा म्हणाले मोजा, दहातले सात आत थांबले. मग पलीकडच्या गोलजवळ नेलं, तिथं उंचवटा आहे, लाल माती कडक, तिथं बॉल टप्पा पडला की वर उसळतो, म्हणून तिथं बॉल खाली यायची वाट बघायची नाही, पहिल्या टप्प्यालाच पाय लावायचा. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवणार? आमच्या त्या चार एकर मातीचं ज्ञान एकाच माणसाकडं होतं आणि आम्ही त्याला दोन वर्षं खुर्चीवर बसवलं.

आमच्या कारखान्यातल्या मशीन शॉपमध्ये पण असंच असतं बघा. जुनी लेथ असते, तिचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, थोडा खेळतो, ड्रॉइंगमध्ये ते लिहिलेलं नसतं. तीस वर्षं त्याच मशीनवर काढलेला मिस्त्री नव्या पोराला सांगतो, इथं फीड कमी कर, नाहीतर टेपर येणार, म्हणजे एक टोक बारीक होणार. तो मिस्त्री रिटायर झाला की पुढचे सहा महिने जॉब रिजेक्ट होत राहतात.

मोठ्या क्लबांना ही गोष्ट कळलेली आहे. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचा फॉरवर्ड ओले गुन्नार सोल्शायर, त्याला २००७ मध्ये गुडघ्यामुळं खेळ सोडावा लागला, तर क्लबनं त्याला तिथंच ठेवून घेतलं आणि आधी फॉरवर्ड्सबरोबर काम दिलं, २००८ पासून रिझर्व्ह टीम दिली. त्याच्यासारखा माणूस या कामाला का लागतो? तो कितीतरी मॅच बेंचवर बसून समोरच्या बॅक्सचं निरीक्षण करायचा, कोण कुठं चुकतोय, कुठली बाजू थकलीय, आणि आत गेला की नेमकं तिथं उभा राहायचा. फेब्रुवारी १९९९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध तो शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी आत आला आणि चार गोल केले, मॅच ८-१. आणि त्याच वर्षी २६ मे, बार्सिलोना, जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्धची चॅम्पियन्स लीगची फायनल, इंज्युरी टाइम, बेकहॅमचा कॉर्नर, शेरिंगहॅमनं डोक्यानं ढकललेला बॉल आणि सोल्शायरचा नुसता लांब केलेला पाय. किती जण म्हणतात नशीब. तो गोल मी मामांना मोबाईलवर दाखवला, त्यांनी तीनदा मागं घेऊन बघितला, बॉलकडं नाही, सोल्शायरकडं, कॉर्नर मारायच्या आधीपासनं. "आधीपासनंच तिथं हाय बघ तो," एवढंच म्हणाले. नंतर सोल्शायर नॉर्वेत मोल्डेला गेला, युनायटेडच्या आधी तो तिथंच खेळायचा, आणि २०११ मध्ये त्या क्लबला पहिल्यांदाच लीग जिंकून दिली. पुढच्या वर्षी परत.

युनायटेडचाच दुसरा फॉरवर्ड रुड व्हॅन निस्टलरॉय बघा. युनायटेडसाठी २१९ मॅचमध्ये १५० गोल, आणि जवळजवळ सगळे डीच्या आतनं. २००६ मध्ये क्लब सोडलेला माणूस २०२४ च्या जुलैमध्ये असिस्टंट कोच म्हणून परत आला. ऑक्टोबरमध्ये हेड कोचला काढलं तेव्हा चार मॅच त्यानंच सांभाळल्या, तीन जिंकल्या, एक ड्रॉ. मग नवा कोच आपली माणसं घेऊन आला आणि याला जावं लागलं. मला ते फार लागलं. माझं मत आहे की हेड कोच कोणी का येईना, फॉरवर्ड्सना शिकवणारा जुना माणूस हलवू नये.

रॉबिन व्हॅन पर्सीचं तर पूर्ण वर्तुळच आहे, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचं पोरगं, तिथल्याच फायनूर्ड क्लबकडनं सुरुवात, १८ व्या वर्षी २००२ चा युएफा कप, मग आर्सेनल, युनायटेड, तुर्कस्तान, आणि २०१८ च्या जानेवारीत परत फायनूर्डला. २०१९ मध्ये खेळणं थांबवलं आणि पुढं तिथल्याच फॉरवर्ड्सना शिकवायला लागला, मग क्लबची ज्युनियर पोरं, मग काही महिने हॉलंडच्याच हीरेनवेन क्लबला हेड कोच, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत फायनूर्डचाच हेड कोच. एकदम खुर्चीवर नाही बसवलं त्याला, आधी पोरांच्यात काम केलं. जर्मनीचा क्लोजे तसाच, वर्ल्ड कपमध्ये १६ गोल केलेला माणूस, बायर्नला परत आला तो २०१८ मध्ये सतरा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला. मूळचा सुतारकाम शिकलेला माणूस आहे तो. मला हे वाचून आमचे मिस्त्री आठवले.

आपल्याकडं पण आहे की. कोलकात्याचे सुभाष भौमिक सत्तरच्या दशकात ईस्ट बंगालचे फॉरवर्ड, नंतर त्याच क्लबचे कोच, आणि २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब कप जिंकला, फायनलला थायलंडच्या टीमला ३-१ नं हरवून. त्या टीममध्ये पुढं बायचुंग भूतिया खेळत होता. भारतीय क्लबनं बाहेर जाऊन जिंकलेल्या मोठ्या कपांची यादी करायला बसलात तर कळेल ही केवढी गोष्ट आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण नाहीतर उद्या कुणीतरी मामांना अख्खी टीम सांभाळायला देईल. थिएरी ऑन्रीला फुटबॉल कळत नाही असं कोण म्हणेल? आर्सेनलसाठी २२८ गोल, बाहेर पुतळा उभा केलेला असताना २०१२ च्या जानेवारीत लोनवर परत येऊन लीड्सविरुद्ध गोल. बेल्जियमच्या टीमला असिस्टंट म्हणून गेला, त्यांचे फॉरवर्ड्स २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये कसे खेळले ते आपण बघितलं, तिसरा नंबर आला. आणि लगेच त्याच वर्षी मोनॅको, जिथनं त्यानं सुरुवात केली तो क्लब, हेड कोच म्हणून घेऊन गेला. २० मॅच, ४ जिंकल्या, तीन महिन्यांत काढलं. खचलेली टीम, इंज्युरीची रांग, खालचा नंबर, त्यात पहिल्यांदाच हेड कोच. जुना क्लब आहे म्हणून सगळंच जमेल असं नसतं. चार फॉरवर्ड घेऊन डीमध्ये उभं राहणं वेगळं काम आहे, अकरा जण, बॅक्स, कमिटी, पेपरवाले सांभाळणं वेगळं. मामांना मी एकदा विचारलं, टीम तुम्हीच बघता का. ते म्हणाले, "नको बाबा. बॅक लोकांचं मला काय कळत नाही, आयुष्यभर त्यांना चुकवलोय."

कोल्हापूरकडं बघा. आपण सगळे शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जातो, निपाणीवरनं तर पाऊण तासाचा रस्ता. तिथं टीमा तालमींतनं तयार झाल्यात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. तालमीचं एक चांगलं असतं, वस्ताद म्हातारा झाला तरी आखाड्याच्या कडेला बसतो आणि पोरगं चुकलं की तिथनंच ओरडतो. त्याला कोणी शाल देऊन घरी पाठवत नाही. आपल्याकडं पण कुस्तीत हेच आहे, गावोगावी तालमी आहेत, वस्तादाला मान आहे. फुटबॉलला आलं की मग आपण सत्कार का करत बसतो हे मला कळत नाही.

सर्टिफिकेटचं पण एक बोलतो. मामांना एका शाळेनं पोरांना शिकवायला बोलावलं होतं, मग कळलं लायसन्स नाही, तर नको म्हणाले. गेटवरनं परत आले ते. फेडरेशनचे लायसन्सचे कोर्स आहेत, ते चांगलेच आहेत, वॉर्मअप कसा घ्यायचा, बारक्या पोरांवर किती लोड टाकायचा, दुखापत झाली तर काय, हे सगळं शिकलंच पाहिजे. आमचा कोच तो कोर्स करून आलाय, आणि तो समोर असल्याशिवाय मामा पोरांना हात लावत नाहीत. पहिली चाळीस मिनिटं कोचची, पुढची तीस मामांची. दोघांच्या वयात पस्तीस वर्षांचं अंतर, कोच त्यांना मामाच म्हणतो आणि ते त्याला सर म्हणतात, पोरांसमोर तर मुद्दाम. शाळेनं एवढं केलं असतं तरी भागलं असतं, आपला कोच शेजारी उभा करायचा.

आता गेल्या रविवारचं, ज्याच्यासाठी बसलो होतो.

फ्रेंडली मॅच होती, कॅम्पकडच्या पोरांबरोबर, आमच्याच ग्राउंडवर. रात्रभर पाऊस, नाल्याकडच्या कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी. सेकंड हाफ, ०-१ नं मागं. आमच्या उजव्या विंगरनं बॉल घेतला आणि लाइनीनं पळाला. सगळे गोलकडं पळाले, त्यांचे तिन्ही बॅक्स, आमचा दुसरा फॉरवर्ड, सगळे. बारक्या नाही पळाला. मी साइडलाइनला मामांच्या शेजारी होतो. बारक्यानं एकदा मान वळवली, परत वळवली, एक पाऊल मागं घेतलं आणि पेनल्टी स्पॉटच्या थोडं अलीकडं थांबला. आजूबाजूला पाच-सहा हात कुणी नाही. मामांनी माझा दंड धरला, एवढा घट्ट धरला की नंतर दुखत होता. तोंडानं नुसतं "थांब, थांब, थांब" पुटपुटत होते, बारक्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

बॉल आला नाही. विंगरनं मान वर न करता जोरात क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर पास, टाकला, सगळ्यांच्या डोक्यावरनं पलीकडं. बारक्यानं हात वर केला, खाली टाकला, परत जागेवर गेला. मॅच ०-१ च राहिली.

मी वैतागलो होतो. मामांकडं बघितलं तर त्यांच्या डोळ्यात पाणी. पावसाचं नाही, छत्री होती आमच्यावर. मॅच संपल्यावर बारक्या मान खाली घालून आला, हरलो म्हणून. मामांनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तिथं का थांबलास?" तो म्हणाला, "सगळे पळाले ना मामा, मग मागं कोण नव्हतं." मामांनी खिशातनं रुमाल काढून त्याचं तोंड पुसलं. मग विंगरला हाक मारली. तो घाबरत आला, त्याला वाटलं आता ओरडणार. मामा म्हणाले, "तू एवढं पळालास, दमलास, चांगलं केलास. पुढच्या रविवारी तू पण लवकर ये. बॉल मारायच्या आधी मान वर कशी करायची ते बघूया."

तर तिथनं नवीन काम निघालंय. मामांना क्रॉस नीट मारता येत नाही, ते स्वतःच सांगतात, आयुष्यभर क्रॉस घेतलेत, दिलेले नाहीत. आणि गुडघ्यामुळं आता पंचवीस-तीस यार्ड बॉल उचलून टाकणं होत नाही. मी टाकतो पण माझा पाय बॅकचा, बॉल जातो लांब पण जिथं पाहिजे तिथं पडत नाही. आमच्या क्लबकडनं १९९५ ते २००५ च्या आसपास विंगला खेळलेले चार-पाच जण आजही शहरात आहेत, दोघं वडगावात, एक शहापुरात, एक अनगोळला, मला घरं पण ठाऊक आहेत. फोन करतोच आहे, पण हे वाचत असाल तर फोनची वाट बघू नका.

रविवारी सकाळी साडेसहा. कोचचा वॉर्मअप सातदहापर्यंत, मग मामा. डावीकडनं क्रॉस टाकणारा एक आणि उजवीकडनं एक पाहिजे, अर्धा तास, प्रत्येकी चाळीसेक क्रॉस होतील. चहा माझ्याकडनं. स्टड आणा, ग्राउंड ओलं आहे, नाल्याकडची बाजू तर विचारू नका. आणि घरात एखादा जुना बॉल पडून असला तर तो पण आणा, परवा एक नाल्यात वाहून गेला, आता नऊच राहिलेत.